ठिणगी आणि टायट्रेशन: रसायनशास्त्र शिकता शिकता हाय व्होल्टेजचा छंद कसा सांभाळावा

एस.वाय.ला असताना ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या रात्री मी मच्छर मारायची बॅट उघडून बसलो होतो. रात्रीचे पावणेदोन. त्या बॅटमध्ये व्होल्टेज चढवणारं एक छोटं सर्किट असतं, ते काढून मला दुसरीकडे लावायचं होतं. सेल काढलेत म्हणजे काम झालं, असं झोपाळलेल्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं. कपॅसिटरला ते कुणी सांगितलं नव्हतं. बोट लागलं, हात झटक्यात मागे गेला तो थेट कपाटाच्या कोपऱ्यावर. शॉकनं काही केलं नाही, कपाटानं केलं. दोन टाके. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या बोटानं मेल्टिंग पॉइंटची केशनळी भरताना एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "काय झालं रे?" मी म्हणालो, "दारात सापडलं, सर."

तेव्हापासून मला कुणी विचारलं की अभ्यास आणि हा छंद यांचा मेळ कसा घालतोस, तर मी आधी झोपेबद्दल विचारतो. चित्रकलेच्या छंदात रात्र जागवली तर फार तर चित्र बिघडतं. इथं थकलेला माणूस स्विच बंद आहे की चालू हे न बघता हात घालतो. म्हणून या छंदात वेळापत्रक आणि सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. खाली जे लिहिलंय ते बारावी सायन्स झालेल्या किंवा बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेल्या, आणि टेस्ला कॉइलचा (हवेत लांब ठिणग्या उडवणाऱ्या हाय व्होल्टेज यंत्राचा) एखादा व्हिडिओ बघून हात शिवशिवायला लागलेल्या मुलामुलींसाठी आहे.

पायरी १: घरात आधीच काय आहे ते बघा

पहिल्या महिन्यात काहीही विकत घेऊ नका, काहीही उघडू नका. घरातच प्लाझ्मा, म्हणजे विजेनं आयनीभूत झालेला वायू, भरपूर आहे.

एक्स्टेन्शन बोर्डाच्या स्विचवरचा बारका नारिंगी दिवा बघा. जुन्या बोर्डांत तो निऑनचा असतो, नव्यांत बहुधा एलईडी. इलेक्ट्रिशियनच्या खिशातल्या टेस्टरमध्येही तोच निऑन असतो, मोठ्या रेझिस्टरच्या मागे दडलेला, त्यामुळे अंगातून जाणारा करंट एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी राहतो. टेस्टर घेऊन प्लगमध्ये खुपसत बसा असं मी सांगत नाहीये. बोर्डावरचा दिवा लांबून बघायचा आहे, तोही एका यंत्रातून, आणि ते यंत्र फुकटात होतं.

एक रिकामी लिहिता येणारी डीव्हीडी घ्या. कडेनं नख घालून तिचे दोन थर वेगळे करा. चमकदार पापुद्रा चिकटपट्टीनं उचलून टाका, पारदर्शक चकती उरेल. तिचा एक तुकडा चपलांच्या खोक्याच्या एका टोकाला लावा, दुसऱ्या टोकाला काळ्या कार्डाच्या दोन सरळ कडा जवळ आणून केसाएवढी फट ठेवा. फट आणि डीव्हीडीवरच्या रेघा एकमेकींना समांतर हव्यात. झाला स्पेक्ट्रोस्कोप. डीव्हीडीवरच्या दोन वाटांमधलं अंतर ०.७४ मायक्रोमीटर असतं, म्हणजे मिलिमीटरला सुमारे १३५० रेघा. सीडीवर ते १.६ मायक्रोमीटर, म्हणून सीडीत रंग कमी फाकतात. पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेघ डीव्हीडीत सुमारे ४७.५ अंशांवर दिसते, सीडीत २० अंशांवर. हे गणित स्वतः करून बघा, अकरावी-बारावीचं ग्रेटिंगचं सूत्र पुरतं.

आता बोर्डावरचा दिवा बघा. रंगांचा सलग पट्टा दिसला तर एलईडी. काळ्यावर सुट्या सुट्या नारिंगी-लाल रेघांची रांग दिसली तर निऑन. १८९८ साली रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून वेगळा केलेला नवा वायू डिस्चार्ज नळीत (वीज सोडून वायू उजळवायच्या काचेच्या नळीत) भरला तेव्हा त्यांना जो किरमिजी उजेड दिसला, तो हाच. तुमच्या इनऑरगॅनिकच्या पुस्तकात नोबल गॅसेसच्या धड्यात त्या शोधाला दोन ओळी मिळतात.

गॅस पेटवायचा लायटरही याच घराण्यातला. खटका दाबला की आतल्या स्फटिकावर आघात होतो आणि काही हजार व्होल्टची ठिणगी पडते. ऊर्जा मात्र इतकी थोडी की नुसता चटका बसतो. हजारो व्होल्ट म्हणजे मरण आणि बारा व्होल्ट म्हणजे खेळ, हे समीकरण इथंच डोक्यातून काढून टाका. व्होल्टेज, करंट, साठलेली ऊर्जा आणि किती वेळ, हे चारही विचारायला शिका.

पायरी २: जे करायचं नाही त्याची यादी भिंतीवर

ही यादी मी वाद घालण्यासाठी देत नाहीये.

मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर. भंगारवाल्याकडे मिळतो आणि म्हणूनच घातक आहे. त्यातून सुमारे २००० व्होल्ट आणि अर्धा अँपिअर किंवा जास्त करंट सहज निघतो. छातीतून काही दशक मिलिअँपिअर गेले तरी हृदयाची लय बिघडू शकते. "आमच्याकडे ईएलसीबी आहे" असं म्हणणाऱ्यांनी (ईएलसीबी म्हणजे करंट जमिनीकडे गळताना दिसला की वीज तोडणारा स्विच) नीट ऐका: ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या गुंडाळीतून तुमच्या अंगात फिरणारा करंट ईएलसीबीला दिसतच नाही, त्यामुळे ती पडत नाही. लाकडावर विजेच्या फांद्या जाळून काढण्याची टूम याच ट्रान्सफॉर्मरवर चालते. तिनं इतके बळी घेतले की अमेरिकेतल्या लाकूड-कातारी कारागिरांच्या संघटनेनं आपल्या कार्यक्रमांत ती बंद केली.

भिंतीच्या प्लगमधून थेट चालणारं, स्वतः जोडलेलं कोणतंही सर्किट. मोठ्या कपॅसिटरांची बँक. जुन्या डबा टीव्हीचा फ्लायबॅक, म्हणजे त्यातला हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर. आणि निर्वात नळीला १० किलोव्होल्टच्या वरचं काहीही. हे शेवटचं केमिस्ट्रीच्या मुलांना विशेष सांगायचं कारण म्हणजे व्हॅक्यूम पंप आपल्या ओळखीचा असतो, त्यामुळे भीती वाटत नाही. पण निर्वातात वेग घेतलेला इलेक्ट्रॉन धातूवर किंवा काचेवर आपटला की एक्स-रे निघतात. रंटगेनला १८९५ साली ते असेच सापडले. डोळ्यांना काही दिसत नाही, त्वचेला काही जाणवत नाही.

पायरी ३: जर्नलसारखीच एक वही

प्रॅक्टिकलच्या जर्नलचं एक पान कोरं असतं आणि समोरचं रेघांचं. तशीच एक कोरी वही स्टेशनरीच्या दुकानातून आणा. कोऱ्या पानावर सर्किट, वेढ्यांची संख्या, काय दिसलं, काय जळलं. रेघांच्या पानावर त्यातून निघालेला केमिस्ट्रीचा प्रश्न. नियम एकच: समोरचं रेघांचं पान रिकामं असेल तर पुढचा प्रयोग नाही.

हे पोथीनिष्ठ वाटेल, पण माझ्यापुरता सगळा मेळ या एका नियमानं घातला. टेस्ला कॉइलची ठिणगी दोन सेंटिमीटरची तीन करायला तीन रविवार जातात आणि डोक्यात नवं काही शिरत नाही, हे मला रेघांची रिकामी पानं बघूनच कळलं. ठिणगीची लांबी ही दारूसारखी असते. थोडी घेतली की थोडी अजून हवी.

पायरी ४: आठवडा आणि वर्ष

सोमवार ते शुक्रवार काहीही चालू करायचं नाही. आकृती काढा, वाचा, कॉइल गुंडाळा. गुंडाळणं हे काम अभ्यासासोबत छान जुळतं. वीस वेढे, मग कॅनिझारोची यंत्रणा मनात म्हणायची, मग पुढचे वीस. माझ्या पहिल्या कॉइलमध्ये अल्डॉलपासून बेकमनपर्यंत सगळं गुंडाळलेलं आहे. एकदा रिॲक्शन आठवेना म्हणून वेढे मोजायला विसरलो, तो भाग वेगळा.

वीज फक्त रविवारी, सकाळी दहा ते एक. उजेड असतो, घरात माणसं जागी असतात, आणि मध्य रेल्वेवर बहुतेक मेगाब्लॉक असतो, त्यामुळे मित्रांचं कुठं जाणंही ठरत नाही. त्याआधी दोन अटी: आठवड्याचं जर्नल लिहून झालेलं, आणि रात्री निदान सहा-सात तास झोप. दोन्हींपैकी एक नसेल तर त्या रविवारी नुसतं वाचन. एक वाजता बिघाड सापडत नसेल तर बिघाडाचं वर्णन वहीत लिहून उठायचं. "एकदाच बघतो" हे शब्द तोंडातून आले की सेल काढून आईकडे द्यायचे. माझ्याकडे हे काम आजीकडं होतं. ती सेल पदराला बांधून ठेवायची आणि सोमवारी विसरायची.

वर्षाचा विचार थोडा विचित्र आहे. पावसाळ्यात हवा दमट असते, काचेवर-प्लॅस्टिकवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि स्थिर विजेचा भार त्यावरून निसटून जातो. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधलं विम्सहर्स्ट यंत्र (चकत्या फिरवून स्थिर वीज बनवणारं) जुलैत रुसतं आणि जानेवारीत तडतडतं ते यामुळं. म्हणजे या छंदाचा खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. आणि एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा साधारण फेब्रुवारीत असते. हा झगडा टळत नाही, म्हणून तो आधीच सोडवून ठेवा: पहिल्या दोन वर्षांच्या हिवाळ्यात प्रयोग, तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात डबा बंद.

पायरी ५: टेबल

स्वयंपाकघर नको, अंथरूण नको. लाकडी टेबल, खिडकीजवळ, खाली रबरी चटई. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून. एक हात पाठीमागे किंवा खिशात. वीज दोन हातांच्या मधून गेली तर वाटेत हृदय आहे. घरात कुणाला पेसमेकर असेल तर कॉइल त्या घरात चालवायची नाही, इथं "दुसऱ्या खोलीत" वगैरे सवलत नको. मोबाइल आणि श्रवणयंत्रही लांब. कुणीतरी एक माणूस हाकेच्या अंतरावर हवं आणि त्याला एवढं माहीत हवं की काही झालं तर तुम्हाला आधी हात लावायचा नाही, आधी सेलची जोडणी तोडायची.

कपॅसिटर असलेली कोणतीही वस्तू बंद केल्यावर मेलेली नसते. साठलेली ऊर्जा म्हणजे धारितेच्या निम्म्याला व्होल्टेजच्या वर्गानं गुणायचं. वर्ग आहे, म्हणून व्होल्टेज दुप्पट झालं की ऊर्जा चौपट. माझ्या दोन टाक्यांमागचं सूत्र हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: या टेबलाच्या खोलीत ॲसिटोन, ईथर, मिथेनॉल, पेट्रोलियम ईथर यांपैकी काहीही नको. नेलपॉलिश रिमूव्हरही नको. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. कॉलेजच्या लॅबमधली रसायनं घरी आणायची नाहीतच. केमिस्ट्री लॅबमध्ये, वीज घरी, आणि दोघांची भेट वहीत.

पायरी ६: पहिली कॉइल

स्लेयर एक्सायटर नावाचं एक ट्रान्झिस्टरचं सर्किट आहे, टेस्ला कॉइलचंच छोटं रूप. ते सेलवर चालतं, मोठी ऊर्जा साठवत नाही, आणि तारेला न जोडलेला सीएफएल हवेत उजळवतं. पहिल्या वर्षाला एवढं पुरे.

लागतं ते असं: एक इंची पीव्हीसी पाइपचा १५ सेंटिमीटर तुकडा, ३० किंवा ३२ गेजची इनॅमल वायर, टीआयपी३१सी ट्रान्झिस्टर हीटसिंकसह, २२ किलोओमचा रेझिस्टर, एक लाल एलईडी, थोडी जाड हुकअप वायर आणि ९ व्होल्टचा सेल. इनॅमल वायर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते आणि तिथला माणूस ती सोलायचं कसब फुकटात शिकवतो. बाकीचं मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास.

पाइपवर एकाच थरात, वेढ्याला वेढा चिकटवून, २५० ते ३०० वेढे घाला. ३२ गेजमध्ये हे आठ-नऊ सेंटिमीटरमध्ये बसतं. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका. ही दुय्यम गुंडाळी. तिचं वरचं टोक मोकळं ठेवा, खालचं ट्रान्झिस्टरच्या बेसला. पाइपच्या बुडाशी हुकअप वायरचे तीन-चार सैल वेढे: एक टोक सेलच्या धन बाजूला, दुसरं कलेक्टरला. धन बाजूपासून बेसपर्यंत २२ किलोओम. एमिटर ऋण बाजूला. एलईडीचा लांब पाय ऋण बाजूला आणि आखूड पाय बेसला, हो, उलटा वाटतो पण असाच. इनॅमल वायरची टोकं सँडपेपरनं नीट सोला. न चालणाऱ्या दर दोन कॉइलींपैकी एक इथंच अडलेली असते.

सेल लावला, एलईडी मिणमिणला, की लाकडी चिमट्यात धरलेला जुना सीएफएल वरच्या टोकाजवळ न्या. पेटला नाही तर बुडाशी असलेल्या जाड वायरच्या वेढ्यांची दोन टोकं अदलाबदल करा. दर दहा-पंधरा सेकंदांनी सेल तोडा, ट्रान्झिस्टर तापतो. वरच्या टोकाला बोट लावू नका: झटका बसत नाही, पण उच्च वारंवारतेमुळे त्वचेवर बारीक पांढरा भाजल्याचा ठिपका उठतो आणि आठवडाभर टोचत राहतो. सेलऐवजी मोबाइलचा स्वस्त चार्जर वापरायचा मोह होईल. त्यात भिंतीतली वीज आणि तुमचं टेबल यांच्यामध्ये फक्त एक पातळ इन्सुलेशन असतं. सेलच बरा. सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, तेव्हा तो फोडू नका. फुटलाच तर खिडकी उघडून खोलीबाहेर जा, आणि नंतर झाडूनं न झाडता चिकटपट्टीनं गोळा करा.

पायरी ७: रेघांचं पान

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप. त्या हवेत पेटलेल्या सीएफएलकडे चपलांच्या खोक्यातून बघा. ४३६ ची निळी, ५४६ ची हिरवी, आणि ५७७-५७९ ची पिवळी जोडी. ही जोडी सुटी दिसली तर तुमची फट बारीक आहे. मग समोरच्या पानावर प्रश्न लिहा: पाऱ्याची ऊर्जापातळी कुठून कुठे? टर्म सिम्बॉल (अणूच्या ऊर्जापातळीला नाव देणारी खूण) हा प्रकार मला वर्गात तीनदा शिकवूनही कळला नव्हता. हिरव्या रेघेसाठी सिंगलेट-ट्रिप्लेट शोधायला बसलो तेव्हा एका संध्याकाळीत कळला, कारण या वेळी उत्तर मला हवं होतं.

दुसरं पान कायनेटिक थिअरीचं. वातावरणाच्या दाबाला हवा साधारण मिलिमीटरला ३ किलोव्होल्ट लागल्यावर फुटते. हवेतल्या रेणूचा मीन फ्री पाथ, म्हणजे दोन टकरींमधलं सरासरी अंतर, सुमारे ६८ नॅनोमीटर. इलेक्ट्रॉन बारका असल्यामुळे त्याचा त्याच्या पाच-सहा पट धरा, म्हणजे सुमारे ०.४ मायक्रोमीटर. एवढ्या अंतरात ३ व्होल्ट प्रति मायक्रोमीटर या क्षेत्रात त्याला मिळतं जेमतेम सव्वा इलेक्ट्रॉनव्होल्ट. ऑक्सिजनच्या रेणूचं आयनीकरण करायला लागतात १२.०७, नायट्रोजनला १५.५८. मग हवा फुटते कशी? याचं उत्तर असं की हलका इलेक्ट्रॉन जड रेणूवर आदळून परततो तेव्हा फार थोडी ऊर्जा गमावतो, आणि कित्येक टकरींमधून एखादा नशीबवान इलेक्ट्रॉन पुरेशी जमवतो. तो एक असला की पुढे एकाचे दोन, दोनाचे चार. दाब कमी केला की धावायला जागा वाढते आणि कमी व्होल्टेज पुरतं. फार कमी केला तर आदळायला रेणूच सापडत नाही, पुन्हा जास्त लागतं. पाशेननं १८८९ साली मांडलेला वक्र तो हाच. हवेसाठी त्याचा तळ सुमारे ३२७ व्होल्टवर आहे. मॅक्सवेलचं वितरण, त्याची ती उजवीकडची लांब शेपूट, परीक्षेत काढायची नुसती आकृती राहत नाही. ठिणगी त्या शेपटीतून पडते.

तिसरं पान मला सगळ्यात आवडतं. निऑनमध्ये साधारण हजारात एक भाग आरगॉन मिसळला तर दिवा कमी व्होल्टेजला पेटतो. आरगॉन तर चिमूटभर, मग फरक एवढा का? निऑनची एक उत्तेजित, बराच वेळ टिकणारी अवस्था १६.६ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे. आरगॉनला आयनीकरणासाठी १५.७६ लागतात. म्हणजे ज्या निऑन अणूला स्वतःचं आयनीकरण जमत नाही, कारण त्याला २१.५६ लागतात, तो धडकेत आरगॉनचा इलेक्ट्रॉन उडवतो. याला पेनिंग परिणाम म्हणतात. पिरियॉडिक टेबलमध्ये खाली जाताना आयनीकरण ऊर्जा कमी होते हे वाक्य आपण कधीपासून घोकतो. ते खरं असण्यामुळे बोर्डावरचा दिवा पेटायला सोपा जातो, हे कुणी सांगत नाही.

चौथं पान वासाचं. ठिणगीजवळ येणारा तो तीव्र, धुतल्यासारखा वास ओझोनचा. नाकाला तो फार थोड्या प्रमाणातही कळतो, पण नाक लवकर सरावतं आणि कळणं थांबतं, म्हणून वास आला की खिडकी उघडायची, वास गेला म्हणजे ओझोन गेला असं मानायचं नाही. कामाच्या जागी आठ तासांसाठी त्याची मर्यादा दशलक्षात ०.१ भाग इतकी खाली आहे. मोठ्या ज्योतीत ओझोनसोबत नायट्रोजनची ऑक्साइडंही बनतात. लॅबमध्ये सरांच्या परवानगीनं पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चचा ओला कागद अशा ठिणगीजवळ धरला तर तो निळा होतो. "ओझोन सापडला!" असं लिहून मोकळं व्हायचं नाही, नायट्रोजन डायऑक्साइडही तोच कागद निळा करतो. चाचणी निवडक आहे का हा ॲनालिटिकल केमिस्ट्रीचा अख्खा पेपर या एका कागदावर उभा आहे.

त्याच पानावर एक टीप: १९०३ साली नॉर्वेत बिर्केलांड आणि आयडे यांनी हवेतच मोठी विद्युतज्योत पेटवून नायट्रिक ऑक्साइड बनवलं आणि त्यातून खत. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा हा संयोग उष्णताग्राही आहे, म्हणून ल शातेलिएनुसार प्रचंड तापमान हवं, आणि बनलेला वायू झटकन थंड करायला हवा, नाहीतर तो परत फुटतो. विजेचा खर्च इतका होता की पुढे हाबर-बॉश पद्धतीपुढे ती टिकली नाही. हाबरच्या प्रश्नाच्या उत्तरात हा परिच्छेद मी परीक्षेत घातला होता. गुण वाढले की नाही कळायला मार्ग नाही, पण लिहिताना मजा आली.

पायरी ८: सरांना सांगा

लपवून करू नका. बहुतेकांना वाटतं की केमिस्ट्रीचे सर म्हणतील, "हा फिजिक्सचा उद्योग." म्हणणारे म्हणतील. त्यांना सांगायला तीन नावं पुरतात. आयनीभूत वायूला "प्लाझ्मा" हे नाव १९२८ साली देणारा अर्व्हिंग लँगम्युअर. त्याला १९३२ साली नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. विल्यम क्रुक्स, ज्याच्या डिस्चार्ज नळ्या आजही पुस्तकात आहेत, तो १८६१ साली थॅलियम शोधणारा केमिस्ट. आणि १९५३ साली मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याच्या वाफेत ठिणग्या पाडून अमिनो आम्लं मिळवणारा स्टॅन्ले मिलर तेव्हा शिकागोत विद्यार्थीच होता. वायूंमध्ये ठिणगीचा तो प्रयोग मात्र घरी नाही. मिथेन आणि हायड्रोजनच्या डब्यात हवा शिरली आणि ठिणगी पडली की काय होतं हे तुम्हाला लँगम्युअरनं सांगायची गरज नाही.

सरांचा फायदा असा की कॉलेजात विम्सहर्स्ट, खरा ग्रेटिंग स्पेक्ट्रोमीटर, हायड्रोजन आणि हीलियमच्या तयार नळ्या, फ्यूम हूड हे सगळं असतं आणि बहुधा धूळ खात असतं. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला "घरगुती ग्रेटिंगनं उत्सर्जन रेघांचं मापन आणि चुकांचं विश्लेषण" असा विषय सहज खपतो. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या मुलांसाठी नियस नावाचा उपक्रम चालतो, त्याची माहिती विचारा. पुढची वाट हवी असेल तर ती आपल्याकडे आहे: भाभा अणुसंशोधन केंद्रात औष्णिक प्लाझ्मावर जुनं काम आहे, गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य हा टोकामॅक (प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणारं यंत्र) १९८९ पासूनचा. आणि जिथं पाण्यातले, मातीतले धातू मोजतात त्या मोठ्या तपासणी प्रयोगशाळांमध्ये आयसीपी नावाचं यंत्र असतं. त्यात आरगॉनचा प्लाझ्मा हजारो अंशांवर पेटलेला असतो आणि नमुना त्यात फवारला जातो. तुमचं चपलांचं खोकं त्या यंत्राचं गरीब भावंड आहे, हे मुलाखतीत सांगायला लाजू नका.

पायरी ९: परीक्षा आली

परीक्षेच्या तीन आठवडे आधी कॉइल डब्यात. सेल काढून वेगळे, डबा माळ्यावर, शक्यतो शिडी लागेल अशा जागी. वहीत शेवटच्या पानावर एकच ओळ: पुढच्या वेळी काय बघायचं. ही ओळ लिहिली नाही तर डोकं रात्री तेच उगाळत बसतं. लिहिली की सोडतं.

केटी लागलीच, म्हणजे विषय राहिलाच, तर छंदाला शिव्या देण्याआधी वही काढून तारखा बघा. मला इनऑरगॅनिकला लागली होती. तारखा पाहिल्या तर त्या महिन्यात मी सोळा रात्री काही ना काही चालू केलं होतं आणि रेघांची पानं दोन. पुढच्या सत्रात रविवारचा नियम आला तो त्यावरून.

पेपर संपल्यावर डबा त्याच दिवशी उघडू नका. एक रात्र झोपा. दुसऱ्या दिवशी उजेडात माळ्यावरून काढा, इनॅमल कुठं खरचटलंय का बघा, ट्रान्झिस्टरची जोडणी हलवून बघा, जुने सेल गळले असतील तर टाका आणि नवे आणा. मग एक हात खिशात ठेवून वहीतली ती शेवटची ओळ वाचा.